बैठकीतून उठून बाहेर जाणं: किनाऱ्यावरच्या एका विश्वस्त मंडळाचं प्रकरण

या प्रकरणातलं बंदर रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. बंदराचं, संस्थेचं, माणसांचं नाव देत नाही. मुलाची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशीलही बदलले आहेत. माझा संबंध कागदांपुरता. विश्वस्त संस्थांचे चेंज रिपोर्ट (म्हणजे विश्वस्त बदलल्याची सरकारदरबारी द्यायची खबर), हिशेबपत्रकं, ठरावांच्या नकला करून देणं हा माझा व्हीआरएस घेतल्यानंतरचा उद्योग. बाकीच्यांकडून थोडे पैसे घेतो, या संस्थेकडून घेत नाही, कारण तिथल्या अध्यक्षबाईंनी मला सातवीत गणित शिकवलं होतं. हे शेवटचं कारण क्षुल्लक वाटेल. या प्रकरणात तेच सगळ्यात महाग पडलं.

संस्था लहान. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली. चार पगारी माणसं, सात विश्वस्त. विश्वस्तांना मानधन नाही, प्रवासभत्ता नाही, चहा अध्यक्षबाईंच्या घरचा. काम सुरू झालं ते कातकरी वाड्यांतून. दिवाळी उलटली की मुकादम यायचा, घरटी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, द्यायचा आणि कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघायची. पावसाच्या तोंडावर परत आली तरी उचल फिटलेली नसायची, कारण हिशेब मुकादमाच्या वहीत आणि वही मुकादमाच्या खिशात. पुढे बंदरावरून आणि आंब्याच्या बागांतून नेपाळी कामगारांच्याही तक्रारी येऊ लागल्या. खलाशी, बागेचे राखणदार, त्यांच्या बायका-मुलं. ‘मानवी तस्करी’ हा शब्द लोकांना सिनेमातला वाटतो. इथे ती उचलीच्या रूपात येते, आणि उचल देणारा बहुधा ओळखीतला असतो.

सगळेच बोटमालक तसे नाहीत, हेही इथेच लिहितो. मिरकरवाडा, हर्णैसारख्या बंदरांवर वर्षानुवर्षं तेच खलाशी त्याच मालकाकडे आपखुशीने येतात. पण धंद्याची घडीच अशी की माणूस अडकवून ठेवण्याचा मोह होतो. जून-जुलै मासेमारी बंद. पर्ससीनला, म्हणजे मोठं जाळं गोल टाकून करायच्या मासेमारीला, तर सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने. एका बोटीवर पंचवीस-तीस माणसं लागतात, त्यांची उचल बंदीच्या काळातच वाटलेली असते. हंगामात चार खलाशी निघून गेले तर बोट धक्क्याला उभी आणि बँकेचा हप्ता चालू. मग कागदपत्रं ‘सांभाळायला’ मालकाकडे जातात.

मंडळात कोण होतं ते सांगायला हवं. अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, वय बहात्तर. सचिव वकील. एक डॉक्टर. एक आंबा बागायतदार. एक निवृत्त तलाठी. मुंबईला असलेला एक चाकरमानी, जो गणपती आणि शिमगा सोडला तर फोनवरूनच हजर असतो. आणि खजिनदार, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. अकरा वर्षं त्यांनी संस्थेचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही. ऑडिटरला वह्या बघून कंटाळा यावा इतक्या त्या स्वच्छ.

आता प्रकरण.

२०२४ चा सप्टेंबर संपत आला होता. पितृपक्ष चालू. बंदरावरच्या एका पोराने संस्थेच्या क्षेत्र कार्यकर्त्याला फोन केला की एका बोटीवरचा नेपाळी मुलगा विंचच्या दोरात हात सापडून जखमी झालाय आणि त्याला खोलीत ठेवलंय, दवाखान्यात नेलेलं नाही. कार्यकर्ता गेला, मुलाला घेऊन आला तो थेट विश्वस्त डॉक्टरांकडे. दोन बोटं चिरडलेली. मुलगा म्हणाला, वय पंधरा. मुकादमाकडे त्याचं नागरिकता कार्ड होतं, त्यावर वय एकोणीस. कार्ड मोठ्या भावाचं होतं. नेपाळात नागरिकता सोळाव्या वर्षाआधी मिळतच नाही, तेव्हा या मुलाकडे स्वतःचं कार्ड असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या बापाने उचल घेतलेली होती चाळीस हजार.

संस्थेच्या समन्वयक मुलीने दुपारी पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला कळवलं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. मंडळातल्या कोणालाही तिने विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. चार वर्षांपूर्वी बाईंनी मंडळाकडून एक ठराव करून घेतला होता: मूल असेल तर आधी कळवायचं, मग मंडळाला सांगायचं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे असं मूल सापडलं की २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा पुढच्याच कलमाने गुन्हा आहे. तरीही त्या दिवशी कायद्यापेक्षा तो ठराव जास्त उपयोगी पडला असं मला वाटतं. कायदा सगळ्यांनाच लागू असतो. ठरावाने मात्र चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला सात वडीलधाऱ्यांची परवानगी मागण्यातून सोडवलं होतं. ठराव झाला तेव्हा तलाठीकाकांनी कुरकुर केली होती, ‘मग आम्ही कशाला?’ म्हणून.

इकडे समन्वयक फोनवर, आणि तिकडे डॉक्टरांनी मुलाच्या हाताचा फोटो काढून विश्वस्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली मुलाचं नाव, बोटीचं नाव आणि ‘आत्ता माझ्याकडे आहे’. हेतू चांगला. माणूस हळवा आहे, त्याला राहवलं नाही. पण बोट भाऊंच्या सख्ख्या मेहुण्याची निघाली.

संध्याकाळी सातला मुकादम दोन माणसांना घेऊन दवाखान्याच्या दारात. नशीब की तोवर पोलीस मुलाला घेऊन गेले होते. भाऊंनी नंतर सांगितलं, ‘मी फक्त बहिणीला सांगितलं, एवढंच.’ मला ते खरं वाटतं. आमच्या गावांतून बहिणीला सांगणं म्हणजे दवंडी पिटण्याच्या अलीकडची पायरी, हे मात्र त्यांना कळायला हवं होतं.

रात्री नऊला बाईंच्या पडवीत तातडीची बैठक बसली. भाऊ मेहुण्याकडून निरोप घेऊनच आले होते: हाताचा सगळा खर्च, वर पंचवीस हजार रोख आणि गोरखपूरपर्यंतचं तिकीट. मुलगा घरी पोचेल, बोट अडकणार नाही, गावात वाकडेपणा येणार नाही. भाऊंनी हे लबाडीने मांडलं नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की यात मुलाचंच भलं आहे. तलाठीकाकांनी दुजोरा दिला. ‘पोरगं घरी जातंय ना? मग कोर्टात चार वर्षं फिरवून त्याच्या पदरात काय पडणार?’ बागायतदारांनीही मान हलवली. फोनवरचा चाकरमानी म्हणाला, ‘प्रॅक्टिकल बघा.’

तडजोडीचा हा मोह का टाळायचा, हे मंडळांना बहुतेक वेळा नीट सांगितलंच जात नाही, म्हणून थोडं थांबून लिहितो. समन्वयकेने त्या रात्री सांगितलं ते असं: मुलगा गेला तरी चाळीस हजार बापाच्या डोक्यावर राहतात, म्हणजे पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ येणार. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) कायदा, १९७६ च्या कलम ६ ने असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. पण ती संपवायला बिगार होती हे कुठेतरी सरकारी कागदावर यावं लागतं. कातकरी कुटुंबांच्या बाबतीत संस्थेने हा धडा आधीच गिरवला होता. भट्टीवरून कोणाला गुपचूप सोडवून आणलं की मुक्ततेचं प्रमाणपत्र मिळत नाही. ते जिल्हाधिकारी किंवा प्रांत देतात, आणि ते नसेल तर पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेतली तातडीची ३० हजारांपर्यंतची मदतही नाही, आणि पुढची एक, दोन किंवा तीन लाखांची तर नाहीच नाही. दयाळू मालकाने हातावर ठेवलेले पाच हजार मोजत कुटुंब वाडीवर येतं आणि दिवाळीनंतर परत त्याच मुकादमाची उचल घेतं. मुलगा राजीखुशीने आला होता, हा मालकाचा दुसरा मुद्दा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये, म्हणजे मानवी तस्करीच्या कलमात, पीडिताची संमती ग्राह्यच धरली जात नाही. (पोलीस ठाण्यात त्या दिवशी जुन्या दंड संहितेचं ३७० लिहायचं की नवीन १४३ यावर अर्धा तास गेला. संहिता १ जुलैला लागू होऊन तीनच महिने झाले होते.)

आणि मुख्य म्हणजे, तडजोड करायची की नाही हे ठरवायचा अधिकार त्या पडवीत कोणाकडेच उरला नव्हता. मूल पोलिसांकडे होतं, सकाळी बाल कल्याण समितीपुढे जाणार होतं. मंडळ ज्यावर दीड तास वाद घालत बसलं तो विषय मंडळाचा नव्हताच. वकील सचिवांनी हे सांगायला हवं होतं. ते गप्प बसले, कारण बोटमालकाच्या जमिनीच्या दाव्यात ते त्याचे वकील होते. हे इतरांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते मोठ्याने कोणी म्हटलं नाही.

मग बाई बोलल्या. ‘भाऊ, तुम्ही आता बाहेर जाऊन बसा.’

भाऊ लाल झाले. ‘अकरा वर्षांनी माझ्यावर संशय घेताय?’

‘संशय असता तर राजीनामा मागितला असता. नातं आहे म्हणून बाहेर जा म्हणतेय. चहा बाहेरच पाठवते.’

हे वाक्य मी नंतर दोन-तीन संस्थांना सांगितलं. हितसंबंध म्हटलं की आपल्याकडे लोकांना आरोप ऐकू येतो. खरं तर ती माणसाच्या जागेची गोष्ट आहे, चारित्र्याची नाही. मेहुण्याच्या बाबतीत कोणीही भाऊच असतो. देवळाच्या मानपानात आपण हे सहज पाळतो. सुतक असलं की माणूस आपणहून पालखीला हात लावत नाही, आणि त्याला कोणी पापी समजत नाही. संस्थेच्या बैठकीत मात्र ‘जरा बाजूला व्हा’ म्हटलं की अपमान होतो. बाईंनी संशय आणि सुतक यांतला फरक एका वाक्यात केला. भाऊ उठले, पण बाहेर बसले नाहीत. चप्पल घालून घरी गेले.

त्या रात्री तीन ठराव झाले. मुलाचं नाव इतिवृत्तात येणार नाही, फक्त प्रकरण क्रमांक. नाव आणि ठिकाण समन्वयक आणि अध्यक्ष यांच्यापलीकडे कोणाला कळवायचं नाही, विश्वस्तांनाही नाही. आणि ग्रुपवर ओळख फुटली ही चूक समितीला लेखी कळवायची. तिसऱ्या ठरावाला डॉक्टरांचा विरोध होता, कारण फोटो त्यांचा. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वर्तमानपत्रापुरतं नाही, ‘संपर्काचं इतर कोणतंही रूप’ त्यात येतं, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईंनी पत्रावर स्वतः सही केली. समितीने कडक शब्दांत समज दिली आणि मुलाला दुसऱ्या तालुक्यातल्या बालगृहात पाठवलं. पत्र गेलं नसतं तर तो तिथेच, मुकादमाच्या हाताच्या अंतरावर राहिला असता.

दुसरा ठराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तोच पाळायला सगळ्यात कठीण गेला. विश्वस्ताला वाटतं, मी जबाबदार आहे म्हणजे मला सगळं ठाऊक असलं पाहिजे. या कामात उलट आहे. किती प्रकरणं आली, किती कळवली, किती तासांत कळवली, पैसा कुठे गेला, हे विश्वस्ताने खोदून खोदून विचारावं. कोण, कुठे, कोणाचा, हे विचारू नये. ग्रामपंचायत ते देऊळ, सगळीकडे आपण ‘कोणाचा?’ यानेच बोलणं सुरू करतो. ती सवय दारात सोडून आत येणं सोपं नाही.

इथपर्यंत बाईंनी जे केलं त्याला मी नावं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांनी बोटमालकाला फोन केला.

तो त्यांचा विद्यार्थी. माझ्या नंतर पंधरा वर्षांनी त्याच वर्गात. त्यांनी त्याला समजावलं: कागद देऊन टाक, पोराचे पैसे चुकते कर, बाकी मी बघते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला त्या अजून वर्गातला समजत होत्या. त्याने फोन रेकॉर्ड केला. अटकपूर्व जामिनाच्या वेळी त्याच्या नव्या वकिलाने ‘बाकी मी बघते’ हे तीन शब्द न्यायालयासमोर ठेवले: संस्थेच्या अध्यक्षच पैसे मागून प्रकरण मिटवायला तयार होत्या, पैसे ठरले नाहीत म्हणून तक्रार झाली. जामीन झाला. त्याच कारणाने झाला असं मी म्हणणार नाही, पण गावात ती क्लिप दोन महिने फिरली.

आदल्या रात्री मेहुण्याचं नातं त्यांना लख्ख दिसलं होतं. गुरू-शिष्याचं नातं हे नातं आहे, हे मात्र सुचलं नाही. शिवाय बाई पोलीस ठाण्यात सहा तास बसून आल्या होत्या, जबाब दिला होता, म्हणजे साक्षीदार झाल्या होत्या. अध्यक्ष, साक्षीदार आणि मध्यस्थ, सगळं एकच बाई. हौसेने चालणाऱ्या मंडळात हे फार होतं. पगारी माणसं चारच, मग विश्वस्त धावतात, आणि धावणारा विश्वस्त आपण कुठल्या भूमिकेत धावतोय हे बघत नाही. समन्वयकेने मला सांगितलं, ‘बाई आल्या म्हणून पोलिसांनी आम्हाला खुर्ची दिली.’ तेही खरंच आहे. म्हणून यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

पुढचं भरभर सांगतो. भाऊंनी आठवड्यात राजीनामा दिला. संस्थेचं कार्यालय त्याच मेहुण्याच्या गाळ्यात नाममात्र भाड्याने होतं, ते महिन्यात खाली करावं लागलं. कपाटं डॉक्टरांच्या माडीवर गेली. वकील सचिवांनी बोटमालकाचा जमिनीचा दावा सोडला, तेही तीन महिन्यांनी. विश्वस्त बदलला की १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो मी रत्नागिरीला सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात दाखल केला. पण बँक म्हणाली, त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, म्हणजे परिशिष्टावर, नवीन नाव चढल्याशिवाय सही बदलणार नाही. धनादेशावर दोन सह्या लागायच्या, त्यातली एक भाऊंची. पगार अडकले. मंडळाने लढाईचं सगळं ठरवलं होतं, उद्या सही कोण करणार एवढंच ठरवलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगतो, सह्या करणारे तीन ठेवा, त्यांतले कोणतेही दोन.

पगार सुटले ते भाऊंमुळे. डिसेंबरात ते एका संध्याकाळी माझ्याकडे आले, सगळ्या वह्या पिशवीत घालून. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला स्वतः भेटून, नवीन सही चढेपर्यंत वेतनाचे धनादेश आपल्या सहीने वटतील अशी सोय त्यांनी करून दिली. कायद्याने राजीनामा दिलेल्या माणसाने हे करावं की नाही यावर मी त्यांच्याशी वाद घातला. ते म्हणाले, ‘राजीनामा मंजूर झाल्याचा ठराव दाखव.’ बघतो तर खरंच, गडबडीत मंडळाने राजीनामा नुसता ‘वाचून दाखवला’ होता, मंजूर केलाच नव्हता. माझा चेंज रिपोर्ट पुन्हा नव्याने करावा लागला. ही चूक माझी.

मुलाचं वय शाळेच्या दाखल्यावरून ठरलं, तो नेपाळहून यायला वेळ लागला. चार महिन्यांनी मुलगा घरी गेला. दोन बोटं सरळ होत नाहीत. खटला चालू आहे, त्यावर जास्त लिहिणं बरोबर नाही.

मंडळाने घटना दुरुस्त करून दोन जागा वाढवल्या. एक घाटावरच्या निवृत्त शिक्षकाला दिली, त्यांचा इथे कोणीच पाहुणा नाही म्हणून. दुसरी एका कातकरी बाईंना, ज्या स्वतः कोळशाच्या भट्टीवरून सुटून आल्या. आणि प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय छापील झाला: ‘आजच्या विषयांत कोणाचं नातं, व्यवहार, शेजार किंवा शिष्य?’ शेवटचा शब्द बाईंनी स्वतःच्या हाताने घातला.

एप्रिलमधल्या बैठकीला मी हजर होतो. विषय होता तालुक्यातल्या आंबा बागांतल्या राखणदार कुटुंबांची पाहणी. बाईंनी पहिला विषय वाचला. बागायतदारांनी लगेच हात वर केला, त्यांच्याकडेच नेपाळी जोडपं आहे. डॉक्टरांच्या सासऱ्यांची बाग. तलाठीकाकांनी दोन वर्षांपूर्वी आंब्याची कलमं घेतलेली. कातकरी बाई म्हणाल्या, ‘माजा घरवाला यांच्याच बागेत पेट्या भरायला जातो,’ आणि हात वर. बाईंनी स्वतःचाही केला, निम्मे बागायतदार त्यांचे विद्यार्थी. भाऊंची जागा रिकामीच. उरले तिघे: वकील, घाटावरचे शिक्षक आणि फोनवर तुटक आवाजातला चाकरमानी. गणपूर्तीला पाच लागतात.

‘मग ठरवायचं कोणी?’ डॉक्टरांनी विचारलं.

वकिलांनी नियमावली उघडली. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यांनी घड्याळ बघून इतिवृत्तात वेळ लिहिली, पाच वाजून दहा मिनिटं. पाचांपैकी चौघे उठून पडवीत जाऊन बसले. बाई आत चहाचं आधण ठेवायला गेल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, ‘तूही बाहेर ये. तुला गणित कोणी शिकवलं?’